लॅमिनेशनखालचा नंबर

मी चिडकी आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर प्रिंटरसुद्धा कागद अडकवायला घाबरतो. तरीही २०१८च्या जानेवारीतल्या एका शनिवारी मी तळहाताएवढ्या एका हिरव्या पट्टीसमोर अक्षरशः हात जोडून बसले होते, आणि ती पट्टी चालावी म्हणून विवळवेढ्याच्या देवीला नारळ बोलले होते. देवीकडे काय मागितलं हे सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. ड्रायव्हर इन्स्टॉल होऊ दे, एवढंच मागितलं होतं.

तेव्हा मी तलासरी तालुक्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत कारकून होते. शाळा बारावीपर्यंत होती. मी राहायचे डहाणूला. सकाळी बसने आशागड ओलांडून चारोटी, तिथून हायवेने जीप, आणि शेवटचा तुकडा पायी. मुली बहुतेक पाड्यांवरच्या. दिवाळी, होळी आणि मे महिना सोडला तर त्या शाळेतच असत.

शाळेच्या फाटकात आमच्या संस्थेने हजेरीची मशीन बसवली होती. प्रत्येक मुलीला एक कार्ड. वसतिगृहातून शाळेच्या आवारात येताना मशीनसमोर कार्ड धरायचं, टुक असा आवाज यायचा, हिरवा दिवा लागायचा, झाली हजेरी. पहिलं वर्षभर मशीनही चाले आणि कागदावरचं हजेरीपुस्तकही चाले. महिनाअखेरीला दोन्ही जुळवायचं काम माझ्याकडे, आणि ती कधी म्हणजे कधी जुळायची नाहीत. शेवटी माझं डोकं फिरलं. मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, एकतर मशीन काढा नाहीतर पुस्तक बंद करा. त्या म्हणाल्या, "पुस्तक असू द्या हो, कागद बरा असतो." मी ऐकलं नाही. महिनाभर त्यांच्या मागे भुणभुण लावली. पुढच्या जूनपासून पुस्तक बंद झालं. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश होते की आशागडला उतरून चिकू घेतले.

आता त्या मुलीबद्दल. ती बारावी सायन्सला होती, वेवजीकडच्या एका पाड्यावरची. अंगाने किडकिडीत, बोलायला अगदी कमी. ऑफिसात आली तर दारात उभी राहायची आणि आपण विचारेपर्यंत तोंड उघडायची नाही. मी तिला दोनदा तरी "काय पाहिजे ते बोल लवकर" म्हणून फटकारलेलं मला आठवतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली ती कार्डाचे कुरतडलेले तुकडे घेऊन. घरात उंदराने खाल्लं होतं.

नवं कार्ड मागवायचं तर आठ-पंधरा दिवस जाणार. पण आमच्याकडे काही फेकायची रीत नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलींची दहा-बारा कार्डं माझ्या खणात जपून ठेवलेली होती. त्यातलं एक काढलं, त्याच्यावरचा छापील नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला. मग पाहिलं तर त्या कार्डाला कोपऱ्यात चीर होती. ते परत खणात टाकलं, दुसरं घेतलं, त्याच्यावर मुलीचा फोटो चिकटवला. फोटो बरोबर नंबरावरच बसला, कारण मागच्या मुलीचाही फोटो काढल्यावर तिथेच गोंदाचा डाग राहिला होता आणि मला तो झाकायचा होता. चिठ्ठी मात्र पहिल्याच कार्डाची. तोच नंबर मी कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे टाकला आणि चहा प्यायला गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आमच्या भागात महत्त्वाचा कागद म्हटला की त्याला लॅमिनेशन हवंच. रेशनकार्ड, जातीचा दाखला, जमिनीचा सातबारा, सगळं लोक प्लास्टिकमध्ये बंद करून घेतात, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मीही त्यातलीच. फोटो निघू नये म्हणून ते कार्ड संध्याकाळी चारोटीहून वाट वाकडी करून कासाच्या बाजारात जाऊन गरम लॅमिनेशन करून घेतलं. दुकानदाराने "आतलं काही बिघडणार तर नाही ना?" असं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, तुम्ही करा हो.

मुलगी रोज येत होती. रोज टुक वाजत होतं, हिरवा दिवा लागत होता. मशीन बिचारी आत आलेला नंबर मुकाट्याने लिहून घेत होती. तो नंबर कोणाचा, हे पाहायचं काम माझं. आणि मी दर महिन्याला फक्त वर्गाची टक्केवारी काढत होते, मुलीगणिक यादी काढायचा मला कंटाळा होता.

यादी काढली ती जानेवारीत, बारावीच्या परीक्षेसाठी. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर मुलीला परीक्षेला बसवता येत नाही. बाकी सगळ्यांचे आकडे ठीक होते. हिच्या नावापुढे दिवाळीपर्यंत भरपूर हजेरी आणि दिवाळीनंतर शून्य.

हे शून्य बाहेरच्या माणसाला मुळीच खटकलं नसतं. दिवाळीनंतर आमच्याकडच्या काही मुली येतच नाहीत. घरची माणसं वीटभट्टीवर, खाडीत रेती काढायला, गुजरातेत कामाला जातात, मुलीही जातात. कागदावर हीसुद्धा तशीच गेलेली दिसत होती. फरक एवढाच की ती गेलेली मुलगी माझ्या खिडकीतून मला समोरच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली दिसत होती.

मी धावत मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, आपण हाताने दुरुस्त करू, शिक्षक सह्या देतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संस्थेच्या दुसऱ्या एका शाळेत आदल्या वर्षी तपासणीत हाताने वाढवलेल्या हजेऱ्या सापडल्या होत्या. तेव्हापासून वरून सक्त ताकीद होती, मशीनच्या कागदावर पेन लावायचं नाही. "सोमवारी यादी जाणार," त्या म्हणाल्या. "मशीनमधला पुरावा आणा, मी लगेच सही करते. नुसत्या शब्दावर नाही करू शकत. माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण त्यांना विश्वास चालत नाही."

पुरावा आणायचा कुठून? कारण फाटकातली मशीन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विजेच्या झटक्याने बंद पडली होती. तिच्यातली सगळी नोंद मी नशिबाने त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. म्हणजे फाइल होती, पण कार्ड वाचायला मशीन नव्हती. फाइलमध्ये पाहिलं तर नाव नसलेले चौदा नंबर रोज ये-जा करत होते. स्वयंपाकाच्या बायका, पाणी भरणारा, पहारेकरी, या सगळ्यांना मी कार्डं वाटली होती आणि त्यांची नावं टाकायचं "उद्या करू" म्हणून ठेवलं होतं. त्या चौदांत एक ही मुलगी होती. कोणती, हे बाकीचे तेरा वगळून काढलं असतं तरी ती वजाबाकी पुरावा म्हणून चालली नसती. मार्ग एकच, तिच्या कार्डावरचा नंबर.

मी तिला बोलावून कार्ड घेतलं आणि ब्लेडने लॅमिनेशन सोलायला गेले. गरम प्लास्टिकला फोटो चिकटला होता, फोटोला कार्डाचा वरचा पापुद्रा. सगळं एकदम उचलून आलं. नंबराचे आकडे फोटोच्या पाठीला चिकटून फाटले. दोन आकडे दिसले, बाकी पांढरे फटक. मुलगी समोर उभी होती.  मला तेव्हा जे वाटलं त्याला रडू येणं म्हणतात, पण मी खोकल्यासारखं केलं.

मशीन ज्याने बसवली तो तंत्रज्ञ वापीचा होता. त्याची कंपनी केव्हाच बंद झाली होती, तो दुसरीकडे नोकरीला होता. तरी त्याचा फोन माझ्याकडे होता. त्याला शुक्रवारी दुपारी फोन केला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "बेन, टेन्शन नहीं लेवानुं." माझ्याशी तो गुजराती, हिंदी आणि मराठी यांची खिचडी बोलायचा. "नंबर वरती छापलेला असते ते फक्त माणसासाठी. खरा नंबर कार्डच्या पोटात आहे. तांब्याची तार असते, एक चिप असते. फोटो फाटला तरी ते जिवंत असणार." त्याच्याकडे कार्डाच्या पोटातलं वाचणारं एक छोटं टूल होतं. ते तो सकाळी जीपवाल्याच्या हातून पाठवणार होता. त्याचं सॉफ्टवेअर मात्र मला माझ्या कॉम्प्युटरवर टाकावं लागणार होतं. "इझी आहे," तो म्हणाला.

शनिवारी दहा वाजता तलासरीच्या नाक्यावर जीपवाल्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी दिली, जणू भजी आहेत. आत हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक लहानसं बटण, एक वितभर केबल आणि एक सीडी. बस्स. झाकण नाही, डबी नाही. हे एवढंसं बघून मला वापीवाल्याचा भयंकर राग आला.

मी ऑफिसात पोचले तर दाराशी मुलीचा बाप बसला होता. त्याला कोणी कळवलं कोण जाणे, पाड्यावर बातमी जाते. पन्नाशीचा, वाळलेला माणूस, पांढरा सदरा, पायात काही नाही. थोडी शेती आणि एरवी मिळेल ती मजुरी. आत या म्हटलं तर आत आला पण खुर्चीवर बसेना. म्हणाला, "बाय, पोर इथंच होती. घरी नव्हती, मंग इथंच होती ना?"

इतका सरळ हिशेब मला अख्ख्या आठवड्यात सुचला नव्हता. पण त्याचा प्रिंट निघत नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा, बसा. मी तेच शोधतेय."

शाळा साडेअकराला सुटली. मोठ्या बाई आपल्या खोलीत बसून राहिल्या, संध्याकाळी सहापर्यंत थांबते म्हणाल्या. मी सीडी घातली. आमच्या कॉम्प्युटरने ती गिळली आणि दाखवेना. मग ट्रे उघडेना. साडीची पिन त्या बारीक भोकात घालून ट्रे बाहेर काढला, सीडी पदराने पुसली, परत घातली. तिसऱ्या वेळेला घरघर करून ती एकदाची दिसली. आत तीन फोल्डर. एकाचं नाव जुनं, एकाचं नवं, एकाचं नवं-दोन. कोणतं घ्यायचं? फोन केला. वापीवाला उचलेना. मी माझ्या स्वभावाप्रमाणे नवं-दोन घेतलं.

पट्टी जोडली. कॉम्प्युटरने टिंग केलं आणि कोपऱ्यात निरोप आला की उपकरण ओळखता आलं नाही. यादीत त्याच्या नावापुढे पिवळं चिन्ह. ड्रायव्हर टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, याच्यावर सही नाही, भरवसा ठेवता येणार नाही. मी मोठ्याने म्हटलं, "तुला पण सहीच पाहिजे का!" बाप दचकला. मी त्याला सांगितलं, तुम्हाला नाही हो, याला.

ड्रायव्हर बसेना. उपकरण काढलं, घातलं. पुढच्या छिद्रात लावलं, मागच्या छिद्रात लावलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नारळ बोलले तो याच वेळी. पाचव्यांदा पिवळं चिन्ह गेलं आणि पट्टीच्या नावापुढे पोर्ट सात असं आलं. मी खुर्चीतून उठून नाचायचीच राहिले होते. सॉफ्टवेअर उघडलं, काळी खिडकी आली, आणि तिने सांगितलं की पोर्ट तीनवर काही नाही. अहो, तीनवर नसणारच, सातवर आहे! एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तीनचा सात करायचा, हे कळायला मला पाऊण तास लागला. ते केलं, एंटर दाबला आणि लाईट गेली.

यूपीएसची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे कॉम्प्युटरही तत्क्षणी गेला. पंखा थांबला. मी मान टेबलावर टेकली. मुलीने वसतिगृहातून बापासाठी आणि माझ्यासाठी डाळभात आणला. आम्ही तिघं ऑफिसच्या पायरीवर बसून जेवलो. बाप मला विचारत होता की या पट्टीत काय असतं. मी सांगितलं, तिच्यासमोर कार्ड धरलं की कार्ड आपला नंबर बोलतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "मंग माझ्या पोरीचं कार्ड बोललं पण तुम्ही आयकलं नाय." त्याच्या मनात टोमणा नव्हता. मला तो बसायचा तिथे बसला.

सव्वातीनला लाईट आली. आणि त्याच वेळी वापीवाल्याचा फोन. काळ्या खिडकीत आता पोर्ट सापडला होता, पण एक नवीच तक्रार होती. मी ती त्याला अक्षरं जुळवून वाचून दाखवली. तो हळहळला. "बेन, तुम्ही नवं-दोन टाकलं. टूलच्या अंदरचा प्रोग्राम जुना आहे. दोघांचं जमणार नाही." मग जुनं टाकते, मी म्हटलं. जुन्यात एक चूक होती, ते हे कार्ड वाचायचंच नाही. उपाय एकच, टूलच्या आतला प्रोग्राम बदलायचा. पट्टीवरचं बटण दाबून धरायचं, धरलेलं असतानाच केबल जोडायची, आणि काम संपेपर्यंत बटण सोडायचं नाही. "दोन-तीन मिनिट. बटन दबावी राखो. सुटलं की टूल गेलं. लाईट गेली तरी टूल गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं एटले गेलं, बेन."

सोमवार, मशीन बंद, नंबर फाटलेला आणि आता हे. मी एका हाताने बटण धरून दुसऱ्या हाताने केबल लावून पाहिली. केबल वितभर, छिद्र टेबलाखाली, आणि माझं बोट घामाने बटणावरून निसटत होतं. शिवाय कीबोर्डवर आज्ञा द्यायला तिसरा हात हवा. मी आजूबाजूला पाहिलं. बाप उठून आला होता. त्याचा अंगठा गवत कापून कापून जाड झालेला, नख रुंद आणि सपाट. मी म्हटलं, "बाबा, हे एवढंसं बटण दाबून धराल का? मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. काही झालं तरी."

तो टेबलापाशी उकिडवा बसला, पट्टी डाव्या तळव्यावर घेतली आणि उजवा अंगठा बटणावर ठेवला. मुलीने केबल जोडली. मी एंटर दाबला.

काळ्या खिडकीत एकेक टिंब उमटायला लागलं. एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली. वरचा ट्यूबलाइट एकदा लुकलुकला.  मी पंखा बंद केला, जणू तेवढ्याने लाईट राहणार होती. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती, ओठ मिटून. बापाच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्याने पुसला नाही. डोळेसुद्धा हलवले नाहीत. मी त्या मिनिटांत ठरवून टाकलं की हे टूल मेलं तर मी सोमवारी स्वतः वरच्या ऑफिसात जाऊन उभी राहीन, माझी नोकरी गेली तरी बेहत्तर. हे आता लिहिताना शूर वाटतं. तेव्हा मी नुसती टिंबं मोजत होते.

तिसरी ओळ भरली. "थई गयुं?" फोनमधून आवाज आला. खिडकीत खाली लिहिलं होतं की काम पूर्ण झालं.

"झालं! झालं!" मी ओरडले. मोठ्या बाई आपल्या खोलीतून धावत आल्या, त्यांना वाटलं शॉक लागला.  तेवढ्यात माझं लक्ष गेलं, बापाचा अंगठा अजून बटणावरच होता. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. "सोडा बाबा, सोडा आता." त्याने अंगठा उचलला तर त्यावर बटणाचा खळगा पडला होता.

पट्टी परत जोडली, सॉफ्टवेअर उघडलं, या वेळी एकही तक्रार नाही. मुलीचं सोललेलं कार्ड पट्टीवर ठेवलं आणि वाचायची आज्ञा दिली. उत्तर आलं, काही सापडलं नाही. परत दिली. काही सापडलं नाही. कासाच्या दुकानदाराचा प्रश्न मला आठवला. गरम प्लास्टिकने चिप मेली असेल, तर मीच मारली होती. मी फोनवर जवळजवळ रडतच सांगितलं. वापीवाला शांतपणे म्हणाला, "बेन, बे बाजू छे. दोन वेटोळी आहेत ना? तुम्ही पातळ वेटोळ्यावर ठेवलं. जाड्यावर ठेवा. आणि कार्ड वाकडं असेल तर दाबून धरा."

लॅमिनेशनने कार्ड पन्हाळीसारखं वाकलं होतंच. मुलगी पुढे आली, तिने आपलं कार्ड जाड वेटोळ्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी सपाट दाबलं. मी एंटर दाबला.

दहा आकडे आले.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी ते आकडे एकदा वाचले, मग बोट ठेवून परत वाचले, मग फाइल उघडून शोधायच्या चौकटीत टाकले. आणि एकाखाली एक, एकाखाली एक, ओळी यायला लागल्या. नोव्हेंबरपासून मशीन बंद पडेपर्यंत. सकाळी सात वाजून दहा, सात वाजून बारा, सात वाजून नऊ. एवढी वेळेवर येणारी मुलगी मी पाहिली नव्हती, आणि मी तिला रोज पाहत होते.

मोठ्या बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मध्ये तीन दिवस रिकामे आहेत." डिसेंबरातले सलग तीन दिवस. मी काही बोलायच्या आत बाप म्हणाला, "तवा माझ्या भावाच्या पोराचं लगीन होतं. मीच न्यायला आलो होतो." मोठ्या बाईंनी आपल्या खोलीतून रजेच्या अर्जांची फाइल आणली. त्याच तीन दिवसांचा अर्ज, खाली बापाचा अंगठा. मोठ्या बाईंनी अर्जावरच्या तारखा पडद्याशी ताडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "काढा प्रिंट. मी सही करते."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. वापीवाला अजून होताच. "बेन, रिपोर्टमा लिहा, मशीननी भूल होती. मशीन तर मरून गेली, ती काय बोलणार?" त्याने चांगल्या मनाने सांगितलं. आणि खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्याचे आभार मानून फोन ठेवला आणि खुलाशात लिहिलं की जुन्या कार्डाचा नंबर चुकीचा नोंदवला गेला, चूक कारकुनाची, म्हणजे माझी. बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि त्याखालीही सही केली. पुढे मला एक लेखी ताकीद मिळाली. ती मी निमूट घेतली.

मग बापाकडे वळले. हे सगळ्यात अवघड होतं. म्हटलं, "बाबा, पोरीची काही चूक नव्हती. मशीनचीही नव्हती. मी नंबर चुकीचा लिहिला."

 मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते, आणि खाल्ली असती. तो म्हणाला, "पण पोर सापडली ना?"

"सापडली."

"मंग झालं," तो म्हणाला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. माझे डोळे भरून आले आणि या वेळी मी खोकले नाही.

प्रिंटर कागद न अडकवता चार पानं देत होता. मुलगी माझ्या टेबलाशी उभी होती. तिने अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. "मॅडम, हे कार्ड आधी कोणाचं होतं?"

मी मागच्या वर्षीची यादी काढली आणि तो नंबर तिच्यात शोधला. अकरावीतून दाखला काढून गेलेली एक मुलगी होती. घरची परिस्थिती, उंबरगावकडच्या कारखान्यात कामाला लागली, असं मला आठवत होतं. मी नाव वाचलं. मुलीचा चेहरा बदलला. दोघी एकाच पाड्यावरच्या, पहिलीपासून एका बाकावर.

ती पडद्यावरच्या ओळींकडे बघत राहिली. वर तो नंबर, खाली सात वाजून दहा, सात वाजून बारा.

"म्हणजे ती पण रोज आली," ती म्हणाली.

मी कागद हातात घेतले, कडा जुळवल्या. मग म्हटलं, "हो. दिवाळीपासून फक्त तीन दिवस गैरहजर आहे."